टीप क्रमांक चार

मी लिहिलेली टीप अशी होती: "कंपनीने आपल्या अध्यक्षांच्या कुटुंबाच्या मालकीच्या दुसऱ्या एका कंपनीला कर्ज दिले आहे. त्यावरचे व्याज कंपनीने उत्पन्नात धरले आहे, पण ते अजून हातात आलेले नाही. मूळ कर्ज तरी परत मिळेल का, याबद्दल लेखापरीक्षकांनी शंका व्यक्त केली आहे."

छापून आली ती अशी: "संबंधित प्रतिष्ठानास प्रदत्त आंतर-निगम ठेवी व तदनुषंगिक उपार्जित व्याजाच्या वसूलयोग्यतेसंदर्भात लेखापरीक्षकांनी लक्ष वेधलेल्या बाबीविषयी व्यवस्थापन आश्वस्त आहे."

सकाळी कुकर लावून पेपर उघडला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच हे वाचलं. आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कंपनीच्या निकालांची जाहिरात पाहतोय. पण आकडे तेच होते, टीप क्रमांक चार तीच होती. मूळ इंग्रजी टीपही काही फार सरळ नव्हती, तरी तिच्यात लेखापरीक्षकांची शंका होती. मी ती मराठीत आणली होती. माझ्यानंतर कुणीतरी मुद्दाम बसून ती शंका उचलून बाहेर टाकली होती आणि तिच्या जागी 'आश्वस्त' हा शब्द बसवला होता. कोण आश्वस्त? ज्याने कर्ज दिलं तो. आणि कर्ज गेलं कुणाच्या घरात? त्याच्याच.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट, बाजार तेजीत होता त्या वर्षांतली. मी एम.कॉम. झालेली, लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं फोर्टमधल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी केलेली. मुलगा झाल्यावर नोकरी सोडली आणि आम्ही नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरबसल्या काहीतरी करावं म्हणून एका जाहिरात संस्थेचं भाषांतराचं काम घेतलं. शेअर बाजारात नाव असलेल्या कंपन्यांना दर तिमाहीचे निकाल एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात छापावे लागतात. ते मराठीत करायचं काम माझ्याकडे. इंग्रजी मजकूर दुपारी यायचा आणि संध्याकाळी मराठी हवं असायचं.

मला हे काम मनापासून आवडायचं. कंपनीच्या आकड्यांत एक गोष्ट असते. विक्री वाढली पण नफा घटला, तर मधे कुठेतरी काहीतरी झालेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा खालच्या टिपांत लपलेलं असतं. मी ते साध्या मराठीत मांडायची. संस्थेतले साहेब फोनवर हसायचे. "मॅडम, कशाला एवढा जीव टाकता? हे कोणी वाचत नाही. कायद्यात आहे म्हणून छापायचं."

त्याच आठवड्यात मी जुन्या पनवेलच्या बाजारात कपबश्या घ्यायला गेले. तिथं एका चाचांचं क्रॉकरीचं दुकान होतं. चाचा जवळच्याच गावचे, कोकणी मुसलमान. तरुणपणी आखातात गेले, एका बंदरातल्या गोदामात बरीच वर्षं काढली आणि परत येऊन हे दुकान टाकलं. मी त्यांच्याकडची जुनी गिऱ्हाईक होते, त्यामुळे माझं शिक्षण, माझी सुटलेली नोकरी, सगळं त्यांना माहीत. गल्ल्यावर पेपर पसरलेला होता आणि त्यातल्या एका जाहिरातीभोवती बॉलपेनने गोल केलेला होता. तीच जाहिरात होती.

"ताई, तुम्ही अकाउंटचं शिकलेल्या ना," चाचा म्हणाले. "जरा बघा. हे मराठीच आहे ना?"

मी पेपर जवळ ओढला, तसे ते पुढे म्हणाले, "माझी शाळा मराठी. आखातात अरबीतली बिलंसुद्धा अंदाजानं वाचायचो. पण हे चार नंबरचं काही वाचता येईना. मला वाटलं, वय झालं."

एका माणसाला आपलं वय झालं असं वाटावं म्हणून कुणीतरी पगार घेऊन ते वाक्य लिहिलं होतं! माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी तिथंच स्टुलावर बसले आणि चाचांना सांगितलं की हे भाषांतर माझं होतं, पण ही टीप माझी नाही. मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ते ऐकून चाचांनी हातातला कप खाली ठेवला.

त्यांच्याकडे ह्या कंपनीचे शेअर होते. थोडे त्यांच्या नावावर, थोडे चाचींच्या. कंपनी रसायनांसाठी लागणारे प्लॅस्टिकची मोठी पिंपं बनवायची. कारखाना कर्नाळ्याच्या पुढे, गोवा रस्त्यावरून थोडा आत. चाचांनी पिंपांनी भरलेले ट्रक रस्त्यावरून जाताना पाहिले होते आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. "मी बँकेचं व्याज घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हटलं, इथं माल दिसतो, धंदा दिसतो. ह्यातला नफा हलाल."

त्यांच्याकडे पोस्टाने आलेला कंपनीचा वार्षिक अहवालही होता. पुढचे काही दिवस मी दुपारी दुकानात जाऊन बसायला लागले. अहवाल बघूनच माझा संताप व्हायचा. गुळगुळीत कागद, अध्यक्ष झाड लावतायत, हेल्मेट घातलेले कामगार हसतायत, रंगीत वर्तुळं, प्रगतीचे बाण. ज्या पानांवर खरी माहिती होती तिथं मात्र कागद पातळ, अक्षर मुंगीएवढं. चाचा चष्म्यावर भिंग धरून वाचायचे.

मी त्यांना म्हटलं, "चाचा, समजा तुम्ही तुमच्या मेव्हण्याला पैसे उसने दिले. तो त्यावर काही देत नाही. पण तुम्ही दर वर्षी वहीत लिहिता, मेव्हण्याकडून इतकं व्याज झालं. आणि घरी येऊन सांगता, यंदा धंदा झकास चालला."

चाचा हसले. मग हसता हसता थांबले. "म्हणजे हा नफा पिंपांचा नाही?"

"पिंपांचा जेमतेम आहे. विक्री तर जागची हललेली नाही. वाढलेला नफा सगळा ह्या व्याजाचा."

"व्याजाचा?"

"हो. 'इतर उत्पन्न' म्हणून धरलंय ते."

"आणि तेही आलेलं नाही?"

"नाही."

चाचा पुसलेलीच बशी पुन्हा कापडाने पुसायला लागले. मग म्हणाले, "ताई, म्हणजे हराम पण आणि उधार पण."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, कारण त्यांचे डोळे भरले होते. हा पैसा त्यांनी परदेशात एकटं राहून साठवलेला होता.

घरी येऊन मी संस्थेतल्या साहेबांना फोन लावला. टीप कुणी बदलली म्हणून विचारलं.

"क्लायंटच्या ऑफिसातून बदलून आली, मॅडम. तुमची कॉपी जरा उघडी होती."

"उघडी म्हणजे?"

"म्हणजे... कोणालाही कळेल अशी."

मी म्हटलं, "अहो, जाहिरात त्यासाठीच असते ना?"

"जड मराठी कशी अधिकृत वाटते. आणि फक्त शब्द बदललेत, एवढं काय!"

"शब्द नाही, शंकाच गाळलीत तुम्ही. लेखापरीक्षकाने जे म्हटलं ते मराठी वाचणाऱ्याला सांगायचं नाही, असं ठरवलंत. इंग्रजी वाचणाऱ्याला सांगितलंत ना? मग मराठी वाचणाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

साहेब थंडपणे म्हणाले, "पुढच्या तिमाहीचं काम तुम्हाला पाठवू की नको, तेवढं सांगा." मी फोन ठेवून दिला. नवऱ्याने विचारलं, "अगं, एका टिपेवरून एवढं?" मी त्याला दोन्ही टिपा वाचून दाखवल्या. त्यानंतर त्याने तो प्रश्न परत विचारला नाही.

चाचांना मी सरळ सल्ला दिला, "विकून टाका. भाव अजून चांगला आहे."

त्यांनी मान हलवली. "विकणार कुणाला?"

"बाजारात. घेणारा असतोच कुणीतरी."

"तेच म्हणतोय. त्याला हे कोण सांगणार?" त्यांनी मागच्या फळीवरून एक कप काढला. कानापासून खाली केसासारखा तडा गेलेला. "हा मी गिऱ्हाइकाला ऐब दाखवून विकतो. घ्यायचा तर कमी किमतीत घ्या, नाहीतर नको. आमच्यात मालाचा ऐब लपवून विकणं गुन्हा आहे. इथं तर मला गिऱ्हाईक दिसतसुद्धा नाही."

मी वाद घातला. म्हटलं, बाजार असाच चालतो, ऐब तुम्ही लपवलेला नाही, कंपनीने लपवलाय. तुम्ही का भरायचं? चाचा ऐकून घेत होते, पण त्यांचं ठरलेलं होतं. "आधी सगळ्यांसमोर विचारतो. मग विकतो."

म्हणून आम्ही कंपनीच्या वार्षिक सभेला गेलो. सभा कारखान्यातच होती, एका कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळेला. मुंबईच्या भागधारकांनी एवढ्या लांब येऊ नये म्हणूनच ती तिथं ठेवतात, हे मला नोकरीत असल्यापासून माहीत होतं. पनवेलकरांना ती जवळ पडेल, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. चाचींचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्या वतीने प्रॉक्सी म्हणून मी. तसा अर्ज चाचांनी मुदतीच्या आत स्वतः कारखान्यात नेऊन दिला होता.

सहा आसनी रिक्षाने हायवेपर्यंत गेलो, तिथून चालत आत. कँटीनच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेरून आलेले आम्ही मोजकेच. बाकी खुर्च्यांवर कारखान्यातले कामगार, गणवेशात. अध्यक्षांनी इंग्रजीत भाषण वाचलं. एकेक ठराव पुकारला की एक कामगार उभा राहून मांडायचा, दुसरा अनुमोदन द्यायचा आणि टाळ्या व्हायच्या. हिशेब मंजूर करायची वेळ आली तसे चाचा उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात खुणा केलेला अहवाल.

"मला एक विचारायचं आहे," ते म्हणाले. "तुमच्या घरच्या कंपनीला आपल्या कंपनीनं कर्ज दिलंय. त्याचं व्याज आलं का?"

अध्यक्ष हसले. "चाचाजी, सब कुछ रिपोर्ट में लिखा है."

"लिहिलंय. पण कळत नाही. तुम्ही तोंडानं सांगा. आलं की नाही आलं?"

"ये अकाउंटिंग का मामला है. आप बाद में हमारे सेक्रेटरी से मिल लीजिए."

"बाद में नको, साहेब. आत्ता हात वर करायला सांगताय, तर आत्ता सांगा."

अध्यक्ष शेजारच्या सेक्रेटरीच्या कानात काहीतरी बोलले. उत्तर येईना, तशी मी उठले. "व्याज आलेलं नाही. तुमच्याच अहवालात..."

"मॅडम, आपण सभासद आहात का?" सेक्रेटरीने मला मधेच तोडलं.

"प्रॉक्सी आहे."

"प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. कृपया बसून घ्या."

नियम खरा होता. मला तो माहीतही होता. मी बसले. माझं तोंड बंद करायला त्यांच्याकडे नियम होता आणि त्यांचं तोंड उघडायला आमच्याकडे एकही नव्हता. चाचा उभेच होते. सेक्रेटरीने पुढचा ठराव वाचायला घेतला, कामगारांनी हात वर केले, टाळ्या वाजल्या आणि हिशेब मंजूर झाले. मग समोसा आणि पेढ्याची पाकिटं वाटली. चाचांनी आपलं पाकीट खुर्चीवरच ठेवलं आणि बाहेर पडले.

हायवेवर रिक्षाची वाट पाहत उभे होतो, तेव्हा मागून एक कामगार जवळजवळ पळतच आला. ठराव मांडणाऱ्यांतलाच एक होता.

"चाचा, तुमी इचारलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "आमाला पन शेअर दिलेत, बोनसच्या ऐवजी. आत काय चाललंय ते आमाला कोन सांगत नाय."

मी रागातच होते. म्हटलं, "मग टाळ्या कशाला वाजवल्यात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नोकरी हाय ना, ताई."

ज्याच्या मजुरीतूनच हे सगळं चाललं होतं, त्यालाच तिथं टाळ्या वाजवायला बसवलं होतं. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. त्याच आठवड्यात मी पनवेलमधल्या एका छोट्या साप्ताहिकासाठी लेख लिहिला. विक्री किती, त्यातून नफा किती, कर्ज कुणाला, व्याज आलं का. एकही विशेषण नाही. संपादकांनी वाचून विचारलं, "खरं आहे ना हे सगळं? नाहीतर मी रस्त्यावर येईन."

"सगळं त्यांच्याच अहवालातलं आहे," मी म्हटलं. "मी फक्त कळेल असं केलंय."

त्यांनी ते कंपनीच्या नावासकट छापलं. थोड्याच दिवसांत वकिलाची नोटीस आली, लेख गैरसमज पसरवणारा आहे म्हणून. संपादकांनी उत्तर पाठवलं, नेमकं कुठलं वाक्य खोटं आहे ते कळवावं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. त्या पत्राला कधीच उत्तर आलं नाही. कंपनीची दिवाळी अंकाची जाहिरात मात्र बंद झाली, तरी संपादक मला एका शब्दाने बोलले नाहीत.

लेख आला त्या दिवशी चाचांनी तो कापून दुकानाच्या काचेवर चिकटवला. त्यानंतर त्यांनी शेअर विकायला काढले. तोवर भाव बराच खाली आला होता. मी हळहळले, "चाचा, मी सांगितलं तेव्हा विकले असते तर!"

"तेव्हा कुणाला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आता ज्याला वाचायचं त्यानं वाचलं असेल."

तोटा त्यांनी सोसला. मला आजही वाटतं, तो त्यांनी का सोसावा? जो प्रामाणिक, त्यानेच भाव पडेपर्यंत थांबायचं, आणि ज्याने लपवलं त्याने व्यासपीठावर हार घालून घ्यायचे. चाचांचं मन शांत होतं, हे मी पाहत होते. माझं नव्हतं, आणि ते व्हावं अशी माझी इच्छाही नव्हती.

तो हायवेवरचा कामगार आपल्या काही सोबत्यांना घेऊन दुकानात आला होता. मी त्यांना अहवाल वाचून दाखवला, मेव्हण्याचं उदाहरण दिलं. काहींनी शेअर विकले. काहींना मॅनेजरने दम दिला की जो विकेल तो कंपनीचा दुश्मन. त्यांनी ठेवले.

संस्थेचं काम माझ्याकडे परत आलं नाही. मी घरी बारावीच्या मुलींच्या अकाउंटच्या शिकवण्या सुरू केल्या. बाजार कोसळला, त्यानंतर काही वर्षांनी त्या कंपनीने जाहीर केलं की ते कर्ज आता वसूल होणार नाही. पेपरातल्या मराठी जाहिरातीत शब्द होता 'निर्लेखित'. म्हणजे पाटीवरून पुसून टाकलं. शेअरला कुणी विचारेना. कारखान्याच्या दोन पाळ्यांची एक पाळी झाली आणि शेअर धरून बसलेल्यांपैकी काही जण घरी बसले. अध्यक्षांनी वार्ताहरांना सांगितलं, "आम्ही काहीही लपवलेलं नाही. प्रत्येक गोष्ट वेळोवेळी प्रसिद्ध केलेली आहे."

ते वाचून मी पेपर चुरगळून फेकला. कायद्याने तो माणूस खरं बोलत होता, म्हणून तर जास्त चीड आली. प्रसिद्ध केलं होतं ना! कुणाला कळू नये याची पूर्ण काळजी घेऊन प्रसिद्ध केलं होतं. एखाद्याच्या कानाला कुलूप लावायचं आणि मग म्हणायचं, आम्ही तर ओरडून सांगितलं होतं.

चाचा शेअर घ्यायचं सोडून देतील असं मला वाटलं होतं. पण एक दिवस त्यांनी दुकानात बोलावलं. त्यांच्या हातात दुसऱ्या कुठल्यातरी राज्यातल्या एका लहानशा कंपनीचा अहवाल होता, साध्या कागदावर, एकही फोटो नसलेला. पहिल्याच पानावर मालकाचं भागधारकांना पत्र होतं. चाचांनी मला बसवलं, चहा मागवला आणि बोट ठेवून, अडखळत, इंग्रजीतून वाचायला लागले. यंदा आपला नफा घटला आहे, असं पत्रात पहिल्याच ओळीत होतं. नवीन मशीन घेताना मागणीचा आमचा अंदाज चुकला, ही चूक माझी आहे, तिचा खर्च भरून यायला काही वर्षं लागतील, आणि तेवढा धीर नसेल तर शेअर ठेवू नका.

वाचून झाल्यावर चाचांनी चष्मा काढला. "ताई, सगळं कळलं. तुम्हाला विचारावं लागलं नाही."

त्यांना आनंद झाला होता, आणि मी त्यात सामील व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी चहा घेतला, त्यांच्याबरोबर हसलेही. पण त्या पत्रातली इंग्रजी आमच्या गल्लीतल्या शाळेतल्या मुलालाही समजली असती. इतकं साधं लिहिता येतं. त्याला ना पैसा लागतो, ना वकील, ना जाहिरात संस्था. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की हिशेबाची भाषा मुळातच थोडी अवघड असते, त्याला कुणाचा इलाज नाही. बाजारातून घरी चालत येताना ती समजूत पार गेली, आणि माझा राग होता त्याच्या दुप्पट झाला.